परतबाईंच्या सासूबाईंचं रक्त

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेला एक खिडकी होती आणि त्या खिडकीत सव्वीस वर्षं एकच बाई बसत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकावर होतं. बाकी सगळं हॉस्पिटल त्यांना परतबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण फोनवर एखादी सिस्टर घाईत बोलून जायची, "हॅलो, परतबाई का?" आणि पलीकडून शांत आवाज यायचा, "हो. बोला."

नाव पडलं होतं ते कामावरून. वॉर्डावॉर्डांतून रक्ताच्या नळ्या ट्रेमध्ये येत. परतबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एकेक नळी उचलत. आधी नळीवरचं नाव, मग फॉर्मवरचं नाव, मग टोपणाचा रंग, मग रक्त किती भरलंय, मग नळी हळूच कलती करून आत गुठळी आहे का. सगळं जमलं तर नळी रॅकमध्ये. नाही जमलं तर रजिस्टरात एक ओळ आणि फॉर्मवर लाल शिक्का: परत. शिक्का त्या जोरात मारत नसत, पण असा मारत की समोरच्याला पुढे काही विचारावंसं वाटू नये.

सव्वीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं होतं! पुरुषाच्या नावावर बाईचं रक्त आलं होतं. पेन्सिलनं लिहिलेलं नाव घामानं पुसून आलं होतं. एक नळी कुणाच्या तरी खिशात तीन तास उबेला राहून आली होती. एकदा तर पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून एका शिकाऊ डॉक्टरनं जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं त्यात ओतलं होतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते सगळं पिवळ्यात उतरलं. त्या मिश्रणाचे आकडे खरे धरले तर तो रुग्ण आदल्या दिवशीच गेलेला असायला हवा होता. रुग्ण व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता.

घरी परतबाईंचा तीन माणसांचा संसार होता. नवरा बसडेपोत वेळापत्रकं लिहायचा आणि बोलायचा तेही वेळापत्रकासारखं, ठरल्या वेळी आणि थोडक्यात. त्याची आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. सासू-सुनांचा एका छताखाली एकतीस वर्षं मुक्काम होता. दोघींत वैर नव्हतं. वैराला निदान सुट्टी असते.

"आमच्या सूनबाईंना काहीही दिलं ना, की आधी उलटंपालटं करून बघणार," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "मी लग्नात हिला घड्याळ दिलं, तर हिनं कानाला लावून बघितलं."

"बंद होतं ते," परतबाई म्हणत.

"बघा," सासूबाई म्हणत.

तर एका सोमवारी या सासूबाईंना पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं, आणि सून जिथे कामाला होती त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर, चौदा नंबरच्या खाटेवर, सासूबाई दाखल झाल्या. दाखल करायला मुलगा गेला. सून खाली खिडकीत होती, आणि खिडकी सोडून वर जायची तिला सवय नव्हती. सव्वीस वर्षांत ती कोणत्याही वॉर्डात कामासाठी म्हणून एकदाही गेली नव्हती. वॉर्ड तिच्याकडे ट्रेमधून येत असे.

दुपारी बारा वाजता सासूबाईंचं रक्त आलं.

परतबाईंनी नळी उचलली. लेबलवर लिहिलं होतं: 'बेड १४'. नाव नाही, वय नाही, काही नाही. फॉर्मवर मात्र नाव होतं आणि ते नाव त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. रेशनकार्डावर ते त्यांच्या नावाच्या वर होतं.

नळ्या घेऊन आलेल्या वॉर्डातल्या मावशी समोरच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या सासूबाईंचंच आहे की. मी डोळ्यांनी बघितलं काढताना."

"तुम्ही बघितलंत. नळीला माहीत नाही," परतबाई म्हणाल्या आणि शिक्का मारला.

तीन वाजता दुसरं आलं. नाव होतं, वय होतं, तारीख होती. परतबाईंनी जांभळी नळी कलती केली, आणि तळाशी चिकटलेली काळपट गुठळी सावकाश घसरली. रक्त नळीत घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करायची असते, म्हणजे आतलं औषध रक्तात मिसळतं. कुणीतरी ती तशीच ट्रेमध्ये उभी ठेवली होती. परत.

पाच वाजता तिसरं आलं. नाव बरोबर, गुठळी नाही. परतबाईंनी ते आत पाठवलं. दहा मिनिटांनी मशीनदादा पिवळी नळी हातात धरून बाहेर आले. मशीनदादा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. मशीन बिघडलं की ते जेवत नसत, म्हणून त्यांचं नाव तसं पडलं होतं. नळी गरगर फिरवून झाली की वर पिवळसर पाणी सुटायला हवं. या नळीत ते डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं होतं.

"पेशी फुटल्यात," मशीनदादा म्हणाले. "सिरिंजमधून दाबून मारलंय नळीत. यातून किडनीचे आकडे काढले तर म्हातारीला उद्या विनाकारण सलाइन लावतील. तुमच्याकडच्याच ना या?"

"हो."

"मग? काय करायचं?"

परतबाईंनी शिक्का उचलला.

एका माणसाचं रक्त एका दिवसात तीनदा परत जाणं हे काही रोजचं नव्हतं. वर वॉर्डात ती बातमी चहाच्या आधी पोचली. रक्त काढणारी सिस्टर नवी होती, दोन महिन्यांपूर्वी लागलेली. तिला मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले. आणि मावशींनी, काही वाईट मनात न आणता, चौदा नंबरच्या खाटेजवळ जाऊन सांगितलं, "आजी, उद्या पुन्हा टोचतील हं. तुमच्या सूनबाईंनी परत पाठवलं."

"कितीदा?"

"तीनदा."

सासूबाईंनी यावर काहीच म्हटलं नाही. त्यांना ओळखणाऱ्या माणसानं तिथंच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला परतबाई ड्युटीवर जायच्या आधी थर्मास घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेल्या. चौदा नंबरची खाट कुठं आहे ते त्यांना माहीत नव्हतं, पण शोधायची गरज पडली नाही. आवाज जिन्यापर्यंत येत होता.

"आलीस? ये. चहा आणलास? आधी तपासून घे हो तो, नाहीतर तोही परत न्यायचीस. एकतीस वर्षं माझं काहीच चाललं नाही तुला. माझा स्वयंपाक चालला नाही, माझं घड्याळ चाललं नाही, आता रक्तसुद्धा चालेना! अगं, लोक परक्याचं रक्त अंगात घेतात, आणि हिला घरच्या माणसाचं नळीत चालत नाही! हात बघ माझा. बघ! चाळणी झाली. शेजारच्या खाटेवरची बाई, ना ओळख ना पाळख, तिनं हातावर फुंकर घातली माझ्या. आणि तू? शिक्का मारलास! माझ्या नावावर शिक्का मारलास!"

हे असं दहा मिनिटं चाललं. परतबाईंनी मध्ये दोनदा घड्याळ बघितलं. सासूबाई पंख्याखालच्या खाटेवर ताठ बसून बोलत होत्या, हातवारे करत होत्या, एकदा तर उशी उचलून दाखवली. धाप लागली नाही, घोट पाणीसुद्धा घेतलं नाही. शेजारच्या, कोपऱ्यातल्या खाटेवर एक किडकिडीत म्हातारी दोन चादरी अंगावर ओढून पडली होती आणि या दोघींकडे प्रेमानं बघून मान डोलावत होती. तिला फारसं ऐकू येत नसावं.

"आई, चहा गार होतोय," परतबाई शेवटी म्हणाल्या.

"होऊ दे. आता मी कुणाशी बोलणार नाही." सासूबाईंनी चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि त्या आडव्या झाल्या. वॉर्डात एकदम इतकी शांतता पसरली की पलीकडच्या दोन बायका काय झालं म्हणून उठून बसल्या.

सव्वानऊला रक्त आलं. चौथ्यांदा काढलेलं.

परतबाईंनी नळ्या उजेडात धरल्या. टपोऱ्या अक्षरात पूर्ण नाव, वय, तारीख, वेळ, खाट. लेबल सरळ चिकटवलेलं, एक सुरकुती नाही. रक्त बरोब्बर खुणेपर्यंत. गुठळी नाही. ऑपरेशनसाठी रक्तगट हवा म्हणून एक जास्तीची जांभळी नळी, तीही तशीच देखणी. परतबाई सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण त्या दिवशी त्यांनी ती नळी आत नेऊन मशीनदादांना दाखवली.

"असं असावं," त्या म्हणाल्या.

"फ्रेम करून लावू या," मशीनदादा म्हणाले.

साडेअकराला मशीनदादांनी त्यांना आत बोलावलं. आवाज हळू होता.

"ताई, बसा जरा. सासूबाईंचं हिमोग्लोबिन आलंय. सहा."

"किती?"

"सहा. खरं तर पाच पूर्णांक नऊ. दोनदा लावलं. मशीन ठीक आहे, सकाळीच तपासलंय. वर फोन केला मी. ते दोन बाटल्या रक्त मागवतायत. ऑपरेशन पुढे ढकलतील."

बाईमाणसाचं हिमोग्लोबिन साधारण बाराच्या पुढे असावं. सहा म्हणजे जिना चढायची सोय नाही. परतबाई उभ्याच राहिल्या. एखादी दुसरी बाई अशा वेळी घाबरली असती, नाहीतर सासूच्या काळजीनं रडली असती. परतबाईंच्या मनात आलं ते वेगळंच.

"हे रक्त त्यांचं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, लेबल तुम्हीच बघितलंत. मला दाखवायला आणलंत!"

"सहा हिमोग्लोबिन असलेली बाई दहा मिनिटं एका दमात भांडत नाही."

मशीनदादांनी त्यांच्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. नमुना परत करायची अकरा कारणं तिथं छापलेली होती. "यात हे कुठं बसवू?" त्यांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच लिहायला काहीतरी हवं होतं.

"तुम्ही ठेवा थांबवून. रक्तगटाची नळी पुढं सोडू नका."

"ती गेली वीस मिनिटांपूर्वी."

परतबाईंनी खिडकी ओढून घेतली, आतून कडी लावली आणि मागच्या दारानं जिन्याकडे निघाल्या. बाहेर ट्रे घेऊन उभ्या असलेल्या दोघा-तिघांना वाटलं, बाई गेल्या की काय.

तिसऱ्या मजल्यावर त्या पोचल्या तेव्हा वॉर्डात नेहमीची लगबग होती. पंख्याखाली सासूबाई चादर गुरफटून पडल्या होत्या, अजून असहकार चालू होता. परतबाई खाटेच्या पायथ्याशी गेल्या. तिथं पत्र्याची पट्टी होती. पट्टीवर लिहिलं होतं: पंधरा.

त्यांनी चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचलं. खाली अडकवलेल्या कागदावर कुणा दुसऱ्याच बाईचं नाव होतं. मग त्या कोपऱ्यातल्या खाटेशी गेल्या. तिथली पट्टी चौदाची. कागदावर सासूबाईंचं नाव. आणि खाटेवर दोन चादरी पांघरलेली ती किडकिडीत म्हातारी.

"आई," परतबाईंनी सासूबाईंची चादर बाजूला केली. "तुम्ही इथं कशा?"

"कशा म्हणजे?"

"तुमची खाट ती आहे. चौदा."

"बोलणार नाही म्हटलं ना मी," सासूबाई म्हणाल्या आणि बोलल्या. "त्या कोपऱ्यात वारा नाही काडीचा. जीव उकडून निघाला माझा. ही बिचारी इथं पंख्याखाली कुडकुडत होती. मी म्हटलं, ये, बदलून घेऊ. उजाडायच्या आत घेतली बदलून. बाटली उचलली, उशी उचलली, झालं. यात काय पाप केलं?"

"कुणाला सांगितलंत?"

"कुणाला सांगायचं? पंखा काय तुझ्या बापाचा आहे?"

परतबाईंना आता सगळं दिसत होतं, पण एक गोष्ट जुळत नव्हती. "सकाळी सिस्टर रक्त काढायला आली. तुम्हाला नाव विचारलं नाही तिनं?"

"मी तोंडावरची चादर काढलीच नाही. हात बाहेर काढला फक्त. म्हटलं, घ्या काय घ्यायचं ते."

नवी सिस्टर तोवर जवळ येऊन उभी राहिली होती. हातात औषधांचा ट्रे. परतबाईंना तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं, पण बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कोण आलंय ते तिला कळलं आणि तिचा रंग उतरला.

"सिस्टर, सकाळी नळ्यांवर लेबलं कधी लावलीत?" परतबाईंनी विचारलं.

"आधीच," ती म्हणाली. "ड्युटीवर आल्या आल्या. काल तीनदा परत आलं म्हणून मोठ्या सिस्टर खूप बोलल्या. म्हटलं, आज अक्षर चांगलं काढू, निवांत बसून. सगळ्यांची लेबलं लावून ट्रेमध्ये खाटांप्रमाणे ओळीनं मांडून ठेवली."

"आणि चौदा नंबरला नाव विचारलंत?"

"विचारलं ना! या आजींना नाव वाचून दाखवलं. म्हटलं, तुम्हीच ना या? त्या हो म्हणाल्या. काल टोचताना शीरच बघत होते, चेहरा लक्षात राहिला नाही."

परतबाई कोपऱ्यातल्या म्हातारीकडे वळल्या आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, तुम्ही इथल्या राणी का?"

म्हातारी गोड हसली. "हो," ती म्हणाली.

सिस्टरनं हातातला ट्रे खाली ठेवला.

परतबाईंनी म्हातारीच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढली. आतला भाग गुलाबी असतो. हा कागदासारखा पांढरा होता. नखंही तशीच. म्हातारीला इतकी थंडी का वाजत होती, तेही तिथंच कळलं.

तेवढ्यात दाराशी दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. मावशी रक्तपेढीचा कागद घेऊन निघाल्या होत्या, आणि तरुण डॉक्टर एका मध्यमवयीन बाईला सांगत होता, "तुमच्या आईचे रिपोर्ट उत्तम आहेत. हिमोग्लोबिन पावणेतेरा. अशक्तपणा वयाचा आहे. घरी न्या, फळं द्या." ती बाई त्या किडकिडीत म्हातारीची मुलगी होती. आईच्या चपला तिनं पिशवीत भरून ठेवल्या होत्या.

"मावशी, थांबा," परतबाई म्हणाल्या. "तुम्हीही थांबा. चपला काढा पिशवीतून."

"आपण कोण?" डॉक्टरनं विचारलं.

"खिडकीतली."

त्यानं नाव ऐकलं होतं, माणूस पाहिला नव्हता. "इथं काय अडचण आहे?"

"चौदाचं रक्त पंधराच्या नावावर गेलंय आणि पंधराचं चौदाच्या."

"पुरावा?"

"त्या माझ्या सासूबाई आहेत."

"हा पुरावा होत नाही."

"तुम्ही एक मिनिट त्यांच्याशी बोलून बघा," परतबाई म्हणाल्या.

डॉक्टर पंख्याखालच्या खाटेजवळ गेला आणि अदबीनं म्हणाला, "आजी, तुम्हाला दम लागतो का हो?"

"दम मला लागतो, का तुम्हा लोकांना?" सासूबाई उठून बसल्या. "चार वेळा टोचलं! चार! नाव बघून तरी टोचायचं! शिकलात ना? एवढाली पुस्तकं वाचलीत ना? माझा हात म्हणजे काय पेन पुसायचं फडकं आहे?" त्या थांबायची चिन्हं दिसेनात तेव्हा डॉक्टर दोन पावलं मागं सरला, खिशातून फोन काढला आणि वरिष्ठांना म्हणाला, "सर, मला वाटतं, पुन्हा तपासावं."

मग पाचव्यांदा रक्त काढलं. या वेळी परतबाई शेजारी उभ्या होत्या. रिकाम्या नळ्या, कोरी लेबलं. नव्या सिस्टरनं फॉर्म उचलला.

"नाव वाचून दाखवू नका," परतबाई तिला म्हणाल्या. "त्यांनाच सांगू दे. आणि लेबल इथं, यांच्यासमोर, रक्त घेतल्यावर."

सिस्टरनं किडकिडीत म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?" म्हातारीनं तिसऱ्या वेळी ऐकलं आणि नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव असं सगळं सांगितलं. कागदावर मधलं नाव चुकलेलं होतं, तेही निघालं.

सासूबाईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हिला विचार. हिच्या रजिस्टरात तीनदा लिहिलंय."

"आई, नाव सांगा," परतबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी मुकाट्यानं नाव सांगितलं आणि हात पुढे केला. सुई गेली तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं सुनेचं मनगट धरलं. परतबाईंनी ते सोडवून घेतलं नाही.

नळ्या त्यांनी स्वतः खाली नेल्या. अर्ध्या तासात आकडे आले. सासूबाईंचं हिमोग्लोबिन पावणेतेरा, रक्तगट ओ. म्हातारीचं पाच पूर्णांक नऊ, रक्तगट बी. रक्तपेढीत सासूबाईंच्या नावानं बीच्या दोन बाटल्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त चढवलं तर काय होतं, ते मशीनदादांना पुस्तकातून माहीत होतं. त्यांनी त्या दिवशी मशीन चालू असूनही जेवण केलं नाही. रक्तपेढीवाले पुढं म्हणाले की चढवण्याआधी आम्ही आणखी एक नमुना मागवतोच, तेव्हा सापडलंच असतं. ते खरं असेल. पण घरी निघालेली ती दुसरी म्हातारी त्यात सापडली नसती.

म्हातारीच्या पोटात जखम निघाली, आतल्या आत रक्त झिरपत होतं. दोन बाटल्या तिलाच चढल्या. चौथ्या दिवशी तिनं एक चादर काढून दिली, सातव्या दिवशी पंखा लावा म्हणाली, आणि अकराव्या दिवशी आपल्या चपलांनी चालत घरी गेली.

चौकशी झाली. प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांनी परतबाईंना बोलावून सांगितलं, काय घडलं ते लिहून द्या, कुणाची चूक तेही लिहा. सगळ्यांना वाटलं, नव्या सिस्टरची नोकरी गेली. परतबाई दोन दिवस त्या कागदावर बसल्या. घरी जेवतानाही तो ताटाशेजारी असायचा.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"त्या मुलीनं लेबलं आधी का लावली? मी परत पाठवेन म्हणून. आईंनी तोंड का झाकलं? मी परत पाठवलं म्हणून. आणि नळी मी पास केली. दाखवत फिरले मी ती."

"हं," नवरा म्हणाला. मग, वेळापत्रकाबाहेर, म्हणाला, "पण वर तूच गेलीस ना."

"सव्वीस वर्षांनी," परतबाई म्हणाल्या.

त्यांना झोप लागेना ती एका गोष्टीपायी. चुकलेल्या नळ्या त्यांनी हजारांनी परत पाठवल्या होत्या, प्रत्येक ओळ रजिस्टरात होती. पण वरून नीटनेटक्या, सुरेख अक्षराच्या, आत दुसऱ्याचंच रक्त असलेल्या किती नळ्या त्यांनी समाधानानं रॅकमध्ये लावल्या असतील? त्याची नोंद कुठंच नव्हती. असणारच नव्हती.

शेवटी कागदावर त्यांनी सिस्टरची चूक लिहिली, आहे तेवढीच. खाली आपली लिहिली: "नमुना परत करताना कारण मी रजिस्टरात लिहिते. ते रजिस्टर माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. ज्याची चूक झाली त्याला फक्त शिक्का दिसतो." मोठ्या डॉक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, "हे शेवटचं वाक्य गाळायचं का?" परतबाई म्हणाल्या, "नको."

सिस्टरला समज देऊन कामावर ठेवलं. खाट बदलायची तर सिस्टरला सांगून, असा फलक प्रत्येक वॉर्डात लागला. आणि परतबाईंनी मोठ्या डॉक्टरांकडून आठवड्यातून एक तास मागून घेतला. त्या तासाला खिडकीत मशीनदादा बसत आणि त्या वॉर्डात जात. पहिल्या मंगळवारी त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा चार सिस्टर साबण आणायला निघून गेल्या. उरलेल्या दोघींना त्यांनी शिकवलं. पट्टा दंडावर किती वेळ ठेवायचा, सलाइन चालू असलेल्या हातातून का घ्यायचं नाही, नळी हलवायची ती बाळाला झोपवल्यासारखी, ताक घुसळल्यासारखी नाही. पुढच्या मंगळवारी पाच जणी होत्या. त्यांतली एक नवी सिस्टर होती, आणि रुग्ण झोपेत असेल तर नाव कसं विचारायचं, हा प्रश्न तिनं विचारला. "उठवायचं," परतबाई म्हणाल्या. "शिव्या खायच्या, पण उठवायचं."

सासूबाईंचं ऑपरेशन ठरल्यासारखं झालं. सात खडे निघाले. ते एका छोट्या बाटलीत भरून त्यांनी घरी आणले आणि भेटायला येणाऱ्यांसमोर हलवून दाखवू लागल्या. गोष्ट रोज रंगत गेली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिचा मथितार्थ पक्का झाला: मी भांडले म्हणून दोन जीव वाचले.

"खरं आहे का हो हे?" एका शेजारणीनं परतबाईंना बाजूला घेऊन विचारलं.

परतबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी त्या बाजूनं विचार केला, या बाजूनं केला. कुठंतरी चूक सापडावी असं त्यांना फार वाटत होतं.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीतून खडे खुळखुळले. सासूबाईंचे कान शाबूत होते.